अक्रोडाच्या लाकडातला हात

पेटी उघडली तेव्हा सगळ्यात आधी दिसलं ते लाकूड. अक्रोडाचं, फिकट तपकिरी. त्याच्या रेषा मुठीच्या वळणाबरोबर खाली उतरत गेलेल्या, आणि पृष्ठभागावर बारीक टोचे मारलेले, घामेजलेला हात सरकू नये म्हणून. मी पिस्तूल उचललं, हात लांब केला आणि मन खट्टू झालं. ते हातात बसलंच नाही. अंगठ्याच्या मुळाशी लाकूड टोचत होतं, करंगळीखाली पोकळी होती, आणि तळहाताखालची पट्टी दुसऱ्याच कुणाच्या मापाची वाटत होती. शेजारी माझं जुनं पिस्तूल पडलं होतं. ते उचललं तर मुकाट्याने हातात आलं.

कित्येक महिने पैसे बाजूला टाकून घेतलेली ही वस्तू, किंमत लाखांतली. मी घाबरून प्रशिक्षकांना विचारलं, "सर, साइझ चुकली का?"

सर म्हणाले, "चुकली नाही. अजून झाली नाही."

नवशिक्याचं एअर पिस्तूल कारखान्यातून पूर्ण होऊन येतं. ते सगळ्यांना थोडंथोडं बसतं. स्पर्धेचं पिस्तूल मात्र जाणूनबुजून अपुरं ठेवलेलं असतं. त्याचा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक फिरता भाग म्हणजे घडवणाऱ्याने नेमबाजासाठी सोडलेली एक रिकामी जागा. कुठे किती सोडायचं आणि कुठे काहीच सोडायचं नाही, यातच त्या कारागिरीची सगळी समज आहे. माझ्या श्टायर एलपी-१० या ऑस्ट्रियन पिस्तुलात ती समज मला जशी दिसत गेली, तशी इथे मांडते आहे.

आधी काम समजून घेऊ, कारण अवजाराची गोडी कामातूनच कळते. अंतर १० मीटर. एकाच हाताने, कशाचाही आधार न घेता नेम धरायचा. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला. समोरच्या लक्ष्यावरचा काळा भाग ५९.५ मिलिमीटरचा, आणि त्याच्या मधोमध दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. ७५ मिनिटांत असे ६० शॉट मारायचे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकपासून हा प्रकार पुरुष आणि महिला दोघांसाठी ऑलिंपिकमध्ये आहे. २००९ मध्ये दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओने ६०० पैकी ५९४ गुण मिळवले होते. म्हणजे साठपैकी जास्तीत जास्त सहा शॉट बटणाबाहेर. हात कुणाचाही असो, तो हलतोच. हलत्या हाताने हे कसं साधतं, या कोड्याभोवतीच या पिस्तुलाचा प्रत्येक भाग घडलेला आहे.

जुन्या पिस्तुलाचं ऋण आधी सांगते. ते बैकालचं इझ-४६एम, रशियातल्या इझेव्स्कचं. नळीखाली एक लांब दांडी. ती ओढून उघडायची आणि परत मिटवायची, की पुढच्या शॉटपुरती हवा दाबली जाते. एका शॉटला एक दाब. स्प्रिंगच्या पिस्तुलात पुढे झेपावणाऱ्या दट्ट्याचा जो हिसका बसतो, तो इथे नाही, कारण हवा आधीच दाबून तयार असते. दर वेळी दांडीचा प्रवास तेवढाच, म्हणून हवाही तेवढीच आणि छऱ्याचा वेगही जवळजवळ तेवढाच. इतकी साधी युक्ती आणि इतका सच्चा परिणाम! गेली कित्येक वर्षं कितीतरी क्लबांमध्ये मुलं त्यावर शिकली, ती उगाच नाही.

त्या दांडीने मला आणखी एक गोष्ट दिली. साठ शॉट म्हणजे साठ वेळा दांडी, सरावाचे शॉट वेगळेच. दांडी मिटवली की खांदा जरा भरून यायचा, श्वास वर-खाली व्हायचा. तो खाली बसेपर्यंत थांबावंच लागे. दोन शॉटमधला विसावा हा नेमबाजीचा अर्धा भाग आहे, आणि तो मला न मागता मिळत होता. ताल पिस्तूल धरत होतं, मी फक्त त्यावर चालत होते.

मग बदलायचं कशाला? आमच्या खेळात 'कॉल' नावाची एक सवय लावतात. शॉट सुटला की पडद्याकडे न बघता आधी मनाशी सांगायचं, कुठे गेला: "नऊ, डावीकडे, जरा खाली." मग बघायचं. सुरुवातीला कॉल आणि छिद्र यांचा काही संबंध नसतो, कारण शॉट सुटताना आपण नक्की काय पाहिलं तेच आपल्याला माहीत नसतं. हळूहळू डोळा शिकतो. वर्षभराने माझे बरेचसे कॉल जुळू लागले. जे जुळत नव्हते त्यांतला दोष माझा की मुठीचा, हे मात्र मला कळेना. सगळ्यांना बसणारी ग्रिप माझ्या हातात रोज केसभर वेगळी बसत होती. सर म्हणाले, "आता तुला विचारण्यासारखे प्रश्न पडायला लागले. आता घे." पिस्तूल बदलण्याची वेळ गुणांवरून ठरवू नये, कॉलवरून ठरवावी, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले आहे.

आता त्या लाकडाकडे वळते, कारण या पिस्तुलाचा जीव तिथे आहे.

ग्रिप पिस्तुलापासून सोडवता येते. सरांनी पहिलं काम सांगितलं ते खडूची पूड तळहाताला चोळायचं. ग्रिप नेहमीसारखी धरायची, सोडायची आणि नीट पाहायची. जिथे हात जोरात टेकतो तिथे पांढरं दाट उमटतं, जिथे नुसता स्पर्श होतो तिथे फिकट, आणि जिथे पोहोचतच नाही तिथे लाकूड कोरडं राहतं. आपल्याच हाताचा असा नकाशा मी पहिल्यांदा पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी पांढरा डाग होता, करंगळीखाली कोरडं तळं.

कानस कशी धरायची ते शिकायला मी आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीकाकांकडे गेले. त्यांनी ग्रिप उलटसुलट फिरवली, रेषांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "झाड चांगलं होतं." मग अर्धगोल कानस माझ्या हातात दिली. "ताई, काढलेलं लाकूड परत येत नाही. एकदा घासा, तीनदा बघा." मी तसंच केलं. कानशीचे दोन हात, वर घासकागद, पुन्हा खडू, पुन्हा नकाशा. तीन संध्याकाळी गेल्या तेव्हा अंगठ्याजवळचा पांढरा डाग पसरून फिकट झाला. करंगळीखालच्या पोकळीत एम-सील भरलं, ते ओलं असतानाच मूठ आवळून बोटाचा ठसा घेतला आणि वाळल्यावर घासलं. बारीक फटींसाठी मिस्त्रीकाकांनी लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून लांबी करून दिली, रंग जुळावा म्हणून त्याच अक्रोडाच्या भुशाची.

लाकूड कुठेच टोचू नये आणि कुठेच सुटू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. मधलं बोट आणि अनामिका यांनी पिस्तूल सरळ मागे धरायचं. अंगठा नुसता टेकलेला, त्याने काही करायचं नाही. तर्जनीने लाकडाला शिवायचंही नाही. ती लाकडाला घासत असेल तर ट्रिगर ओढताना ती सगळं पिस्तूल बाजूला ढकलते. म्हणून तिथे एक बारीक फट ठेवलेली असते, कागद सरकेल इतकी. मला या ग्रिपमधली सगळ्यात सुंदर जागा तीच वाटते. सगळीकडे हाताला बिलगणारं लाकूड एका बोटापुरतं अदबीने मागे सरतं.

नियमही इथे जागरूक आहेत. ग्रिपने मनगटाला आधार द्यायचा नाही, आणि तळहाताखालची पट्टी मुठीशी काटकोनापेक्षा कमी कोन करून वर वळलेली चालत नाही. म्हणजे लाकडाने हाताला ओळखावं, पण हाताचं काम करू नये.

ग्रिपचा कलही बदलता येतो. त्याची परीक्षा अशी: डोळे मिटून हात उचलायचा, नेहमीच्या उंचीवर थांबवायचा आणि डोळे उघडायचे. पुढची साइट मागच्या खाचेत बरोबर मध्ये आणि समपातळीत दिसली, तर ग्रिप खरी. वर किंवा बाजूला दिसली, तर मनगट वाकवून तिला जागेवर आणायचं नाही. ग्रिपचे स्क्रू सैल करून कल बदलायचा. कारण साठाव्या शॉटला दमलेलं मनगट आपल्या मूळ जागीच जाणार. दहा दिवस मी स्क्रू फिरवत होते. एका सकाळी डोळे उघडले आणि साइट खाचेत आपोआप बसलेली दिसली. त्या सकाळी एकही शॉट न मारता मी पंधरा मिनिटं नुसता हात उचलत आणि उतरवत राहिले.

आता साइट. पुढे एक चौकोनी ठोकळा, मागे एक चौकोनी खाच. खाचेतून ठोकळा पाहायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या सारख्या दोन पट्ट्या दिसायला हव्यात. नेम काळ्या वर्तुळाच्या मधोमध धरत नाहीत. त्याच्या खालच्या पांढऱ्यात धरतात. डोळा ठोकळ्यावर रोखलेला, त्यामुळे लक्ष्य अंधुक दिसतं. नवख्याला हे पटतच नाही. ज्याला लागायचं ते अंधुक ठेवायचं?

हिशेब करून बघू. दोन्ही साइटमधलं अंतर ३२ सेंटीमीटर धरू. ठोकळा खाचेत पाव मिलिमीटर जरी एका बाजूला सरकला, तरी १० मीटरवर छर्रा सुमारे ८ मिलिमीटर सरकतो. छर्रा ४.५ मिलिमीटरचा आहे आणि त्याची कड रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो. त्यामुळे केंद्रापासून बरोबर ८ मिलिमीटरपर्यंत दहा गुण टिकतात. म्हणजे ठोकळ्याच्या पाव मिलिमीटर चुकीत दहा संपला. उलट, साइट एकमेकींशी जुळलेल्या ठेवून सगळा हातच ८ मिलिमीटर हलला, तर छर्राही ८ मिलिमीटरच हलतो. हाताचं हलणं जेवढ्यास तेवढं, साइटचं हलणं तीसपट! म्हणून डोळा ठोकळ्यावर. हात हलू दे, पण हाताशी पिस्तुलाचं नातं हलता कामा नये. आता कळतं की खडू आणि कानशीने केलेलं सगळं काम या पाव मिलिमीटरसाठी होतं. ग्रिप आणि साइट हे दोन वेगळे भाग वाटतात, पण हातात घेतलं की तो एकच भाग असतो.

या पिस्तुलात मागच्या खाचेची रुंदी कमी-जास्त करता येते. मी सुरुवातीला खाच अरुंद ठेवली, अरुंद म्हणजे अचूक असं वाटून. प्रकाशाच्या पट्ट्या इतक्या बारीक झाल्या की डोळा त्यांना न्याहाळत बसायचा आणि हात थकायचा. खाच रुंद केली, तेव्हा दोन पट्ट्यांची तुलना डोळ्याने एका दृष्टिक्षेपात केली.

ट्रिगरचा नियम सगळ्यांना सारखा: किमान ५०० ग्रॅम. स्पर्धेआधी उपकरण तपासणीला पिस्तूल नळी वर करून उभं धरतात, ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात आणि पिस्तूल सावकाश वर उचलतात. वजन टेबलावरून सुटलं आणि ट्रिगर पडला नाही, तर पास. ते वजन अधांतरी झुलतं तेव्हा क्षणभर टेबलाभोवतीचं बोलणं थांबतं.

पण ५०० ग्रॅम हा फक्त बेरजेचा आकडा. बेरीज कशी करायची ते नेमबाजावर सोडलेलं आहे. ट्रिगरचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात बोट थोडं मागे जातं आणि एका भिंतीशी थांबतं. दुसऱ्यात ती भिंत मोडते. पहिल्या टप्प्यावर बरंचसं वजन टाकलं, तर हात स्थिरावत असतानाच बोटाने चारशे ग्रॅमचं काम उरकलेलं असतं आणि शेवटी जेमतेम शंभर उरतात. मग शॉट असा सुटतो की आपण सोडला की तो सुटला, हे सांगता येत नाही. माझं बोट घाईचं. त्याला भिंत स्पष्ट लागते. म्हणून मी दुसऱ्या टप्प्याला थोडं जास्त वजन ठेवलं. रेंजवरच्या एका मैत्रिणीचं पिस्तूल याच घडणीचं, पण तिच्या ट्रिगरवर माझा शॉट वर उचलतानाच सुटेल. ट्रिगरचं पातं पुढे-मागे सरकवता येतं, तिरकंही करता येतं. माझं बोट आखूड, म्हणून पातं मागे. या चार स्क्रूंमध्ये माणसाचा स्वभाव मावतो, असं मला खरोखर वाटतं.

आता हवा. एलपी-१० च्या नळीखाली हवेचा सिलिंडर असतो. तो २०० बारपर्यंत भरायचा, मग दर शॉटला रेग्युलेटर त्यातून मोजून तेवढीच हवा देतो. छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा, वेग सेकंदाला सुमारे १५० मीटर. एवढ्याशा छऱ्याचाही धक्का एक किलोच्या पिस्तुलाला बसतोच. बारीक, पण ठोकळा खाचेतून उडण्याइतका. त्यावर या पिस्तुलात एक उपाय आहे. छर्रा पुढे निघताना थोडी हवा एका छोट्या वजनाला उलट दिशेने ढकलते आणि दोन धक्के एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. हाताला काय जाणवतं? जवळजवळ काहीच नाही. शॉट सुटल्यावरही ठोकळा खाचेत तसाच उभा दिसतो. अख्खी एक यंत्रणा, आणि तिचं काम काय, तर काही घडल्याचं जाणवू न देणं!

या शांततेचं मोल कॉलमध्ये आहे. जुन्या पिस्तुलावर शॉटच्या क्षणी चित्र किंचित विस्कटायचं आणि शेवटचं दृश्य मला अंदाजाने आठवावं लागे. आता ते समोर थांबून राहतं. साइट डावीकडे होती, हे मी पाहिलेलं असतं. मग छिद्रही डावीकडेच असतं. दोष कुणाचा, या जुन्या प्रश्नाला आता एकच उत्तर उरलं होतं.

तरीही पहिल्या महिन्यात माझे गुण खाली आले. दांडी गेली होती आणि तिच्याबरोबर सक्तीचा विसावाही. सिलिंडरच्या पिस्तुलात कॉकिंग म्हणजे बोटाची एक हालचाल, की पुढचा शॉट तयार. मी साठ शॉट चाळीस मिनिटांत उडवून टाकू लागले. मग सरांनी प्रत्येक शॉटनंतर पिस्तूल टेबलावर ठेवून तीन श्वास मोजायला लावले. जुनं पिस्तूल जे स्वतःहून देत होतं, ते नव्याने माझ्यावर सोपवलं होतं. तीही एक रिकामी जागाच होती, फक्त तिला स्क्रू नव्हता.

इतक्या नाजूक वस्तूची एक बाजू नजरेआड करून चालणार नाही. जितके भाग जास्त, तितक्या बिघडण्याच्या जागा जास्त. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन वेळी बिघाड झाला. घड्याळ चालू होतं, दुरुस्तीत मिनिटं गेली. ती ५७५ गुणांवर बाराव्या क्रमांकावर राहिली आणि अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी, २८ जुलै २०२४ ला, पॅरिसमध्ये तिने याच १० मीटर एअर पिस्तुलात २२१.७ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. टोकियोचा तो दिवस मला पिस्तुलाच्या पेटीत रोज दिसतो: जादा सील, छोटे पाने, स्क्रूची डबी. यंत्रावर इतका विश्वास टाकायचा, तर त्याची काळजीही तितकीच घ्यावी लागते.

आणि ग्रिप? ती अजून झालेली नाही. बालेवाडीच्या रेंजवर डिसेंबरातल्या सकाळी बोटं आखडतात आणि मूठ सैल वाटते. मे महिन्यात हात फुगतो आणि अंगठ्याचं मूळ पुन्हा लाकडाला लागतं. खडूची डबी पेटीतच असते. मिस्त्रीकाकांची कानस मी परत केली, पण तशीच एक विकत घेऊन ठेवली.

जुनं पिस्तूल मी क्लबला दिलं. आता त्यावर तेरा वर्षांची एक मुलगी शिकते. दांडी मिटवताना तिचे ओठ घट्ट मिटतात आणि मग ती थांबते, श्वास खाली बसेपर्यंत. मागच्या रविवारी सराव संपल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली.

"ताई, तुमचं एकदा धरून बघू?"

सिलिंडर काढून, नळी मोकळी असल्याची खात्री करून मी पिस्तूल तिच्या हातात दिलं. तिने मोठ्या अपेक्षेने हात लांब केला. मग तिचा चेहरा जरा उतरला. तिने बोटं सोडली, पुन्हा आवळली, ग्रिप डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"करंगळीखाली काहीतरी टोचतंय," ती म्हणाली.

तिने बोट ठेवलं होतं ती जागा मला न बघताही माहीत होती. मी एम-सील भरून, मूठ आवळून माझ्या करंगळीचा ठसा घेतला होता, तीच.